सायकलने अंजनेरी, एकट्याने: परतीचे पाय राखून

नाशिकच्या सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकापासून, त्र्यंबक रस्त्यावरचा अंजनेरी फाटा जेमतेम वीस-एकवीस किलोमीटर. रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्याला हे अंतर दीड तासाच्या आतलं. गड चढायला तीन तास, उतरायला दोन-सव्वादोन. कागदावर मांडलं की वाटतं, दुपारचं जेवण घरीच. गफलत इथेच होते. सायकल आणि चढाई दोन्ही मांडीच्या त्याच स्नायूंकडून काम करून घेतात, आणि दिवसातली सगळ्यात जोखमीची दोन कामं, म्हणजे कातळावरून खाली येणं आणि मग गाड्यांच्या गर्दीतून सायकल हाकणं, नेमकी पाय थकल्यावर येतात. बरोबर कोणी असेल तर चूक सावरली जाते. एकट्याला ती सोय नाही.

म्हणून हा दिवस उलट्या बाजूने आखायचा. आधी घरी पोहोचायची वेळ ठरवा, मग सायकलवर परत बसायची, मग गडावरून पाठ फिरवायची, आणि सगळ्यात शेवटी पहाटे निघायची.

नोव्हेंबरचा दिवस धरू. सूर्य साधारण पावणेसातला उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. साडेपाचला दिवे लावून सीबीएस सोडलं की सातला अंजनेरी गावात. सायकल लावून, बूट बदलून, चहा घेऊन साडेसातला पायी निघा. सव्वाआठपर्यंत डांबरी रस्ता संपतो, नऊच्या सुमारास पहिलं पठार, साडेनऊला तळं, साडेदहाला वरचं पठार. अकरा वाजता तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा आला नसला तरी. सव्वाच्या सुमारास गावात, तासभर जेवण आणि सावली, सव्वादोनला सायकल. चारच्या आत घरी, आणि अंधार पडायला अजून दोन तास शिल्लक. हे दोन तास दिवसाचा विमा आहेत. पंक्चर, मुरगळलेला घोटा, चुकलेली वाट, सगळं यातून भागवायचं. यातला एक तास तळ्याकाठी फोटोंत उडवलात तर विमा अर्धा झाला.

चढाईच्या वेळेसाठी डोंगरात चालणाऱ्यांचा जुना हिशोब आहे: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर उंचीमागे वर एक तास. अंजनेरी गावातून माथ्यापर्यंत साडेपाचशे-सहाशे मीटर चढ आणि चार-पाच किलोमीटर चाल, म्हणजे ताज्या पायांना दोन तास. सायकल चालवून आलेल्या पायांसाठी त्यात चौथा हिस्सा मिळवा, दम खायला अर्धा तास धरा, तीन तास झाले. वरचं वेळापत्रक याच हिशोबाचं आहे.

तळी आणि धरणं

नाशिककरांना पेपरात रोज दिसणारे चार आकडे याच मुलखातले. गंगापूर धरण ५,६३० दशलक्ष घनफूट, काश्यपी १,८५२, गौतमी गोदावरी १,८६८, आळंदी ८१६. चौघं मिळून गंगापूर धरण समूह. गंगापूरची मातीची भिंत १९६५ साली पूर्ण झाली, लांबी जवळपास चार किलोमीटर. अंजनेरीच्या माथ्यावर स्वच्छ हवेच्या दिवशी उभं राहिलं की या पाण्याच्या पट्ट्या खाली पसरलेल्या दिसतात, शेजारी ब्रह्मगिरी उभा असतो. गडावरचं तळं मात्र वेगळं. पहिल्या पठारावर अंजनीमातेच्या मंदिराच्या पुढे ते लागतं, आणि दुसरा टप्पा चढून वरून पाहिलं की पावलाच्या ठशासारखं दिसतं. हे मारुतीचं पाऊल, असं गावात सांगतात.

चढायचं नसेल, नुसतं पाणी बघत सायकल चालवायची असेल, तर गंगापूर रस्ता, सोमेश्वर, गिरणारे, तिथून पुढे काश्यपीच्या बाजूला धोंडेगाव, हा रस्ता जास्त रम्य आणि कमी रहदारीचा. अंजनेरीसोबत तो एकाच दिवसात बसवू नका. गौतमी गोदावरीचं धरण आणि चक्रतीर्थ बेझे गावाजवळ आहे, त्र्यंबक रस्त्याच्या उत्तरेला. गडावरून वेळेत उतरलात आणि पाय साथ देत असतील तर तेवढं जोडता येतं. दोन वाजून गेले असतील तर बेझे पुढच्या वेळी.

पाण्याशी सलगी नको. धरणाचं पाणी उतरलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेल्या, टणक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली खव्यासारखा मऊ गाळ असतो. पहिली दहा पावलं पेलतात, अकराव्याला पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढून काढायला गेलं की बूट आतच राहतो आणि दुसरा पाय आणखी रुततो. अडकलात तर उभ्याने जोर लावू नका. पाठपिशवी पुढ्यात टाका, तिच्यावर आडवे होऊन वजन पसरा, अडकलेला पाय हळूहळू गोल फिरवत मोकळा करा आणि ज्या वाटेने आलात तिकडेच सरपटत मागे या. याहून सोपा उपाय म्हणजे जिथे गुरांच्या खुरांचे ठसे जातात त्यापुढे न जाणं. म्हशीला गाळ आपल्याहून बरा कळतो. पोहणं तर एकट्याने नाहीच. बुडालेल्या जुन्या नदीपात्राची कड पाण्याखाली कुठे येते ते वरून दिसत नाही, कमरेइतक्या पाण्यातून दोन पावलांत तळ निघून जातो.

गडावरच्या तळ्याचं पाणी गुरंही पितात आणि माकडंही. पाणी संपलं आणि दुसरा इलाज नसेल तर कापडातून गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबून मगच प्या. त्यापेक्षा खालूनच तीन लिटर घेऊन चढा. जड होतं, पण जाताना जड आणि येताना हलकं ही वजनाची बरोबर दिशा आहे.

कधी जायचं, कधी नाही

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा सरळ हंगाम. पाऊस ओसरल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात सुंदर. पायऱ्यांवरचं शेवाळ मात्र तेव्हा सुकलेलं नसतं. पावसाळ्यात वाट वाहती असते, वर धुकं इतकं दाट की तळं दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. पहिल्यांदा आणि एकट्याने जाणाऱ्यासाठी तो हंगाम नव्हे. एप्रिल-मेमध्ये पठारावर सावली नाही आणि दुपारनंतर वळवाची वीज. ऑक्टोबरात परतीचा पाऊसही असाच दुपारी गडगडत येतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, तेव्हा तीसच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. पठारावर उभी वस्तू तुम्हीच. तळ्याकाठून, एकट्या झाडाखालून आणि धारेवरून निघा, उतरायला लागा.

पंचांगही बघा. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला, त्र्यंबक रस्ता माणसांनी भरलेला असतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या चालत असतात. हनुमान जयंतीला गड फुललेला असतो. हे दिवस सायकलवाल्याचे नाहीत.

वाऱ्याचं गणित थोडं बरं आहे. नाशिक सुमारे ६०० मीटरवर, त्र्यंबक त्याहून शंभर-सव्वाशे मीटर उंच. जाताना डोळ्यांना न दिसणारा चढ, येताना तेवढाच उतार. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर. हिवाळ्यात पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, दिवस चढला की सुटतो. तो समोरून निघाला तर परतीचे वीस किलोमीटर सव्वा तासाचे पावणेदोन तास होतात. तेवढं वेळापत्रकात आधीच धरलंय.

सायकल

हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, पुरेशी आहे. रोड बाइकचे २५ मिलिमीटरचे टायर त्र्यंबक रस्त्यावर चालतात, गावातल्या रस्त्यावर आणि बेझ्याकडे त्रास देतात. ३५ ते ३८ मिलिमीटरचे टायर या दिवसासाठी उत्तम. वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर हवा पुढे ४५, मागे ५० पीएसआय. एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलचे, २.१ इंची असतील तर पुढे २८, मागे ३२. पंपावर जाऊन टायर दगडासारखा टणक करून घ्यायची सवय सोडा. जास्त हवेने सायकल पळत नाही, खडबडीत रस्त्यावर नुसती उडते आणि हाताला मुंग्या येतात. चढून आल्यावर त्याच हातांनी ब्रेक दाबायचेत.

क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, बूट घरी ठेवा. क्लीट घालून बेसॉल्टवर चालणं म्हणजे फरशीवर नाल ठोकलेला घोडा. दुसरे बूट पिशवीत न्यायचे तर पाऊण किलोचं ओझं. साधे सपाट पेडल लावा आणि ट्रेकिंगचे बूट घालूनच सायकल चालवा. तळ मऊ रबराचा, पकड नक्षीदार. लेस उजव्या बाजूला चेनरिंगमध्ये, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्रात, अडकते, तिचं टोक बुटात खोचून ठेवा.

जाताना मोठ्या गिअरवर जोर काढू नका. एक गिअर हलका ठेवून मिनिटाला ८०-९० फेऱ्या मारा. श्वास थोडा वाढतो, मांडी वाचते. बोलता येईल इतक्याच जोरात चालवायचं. एकट्याने बोलायला संकोच वाटत असेल तर आरती म्हणा, पहाटे साडेपाचला कोणी बघत नाही.

सातपूरनंतर रस्त्यावरचा उजेड विरळ होतो. मागचा लाल दिवा लुकलुकता, पुढचा स्थिर. एमआयडीसीच्या सकाळच्या पाळीच्या बस याच वेळी धावतात आणि थांब्यावर अचानक डावीकडे घेतात, तेव्हा बसच्या आणि कडेच्या मध्ये शिरायचं नाही. दुपारी पाळी सुटते तेव्हाही तेच. पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, खंबाळे अशी गावं मागे पडतात आणि डावीकडे अंजनेरीची भिंत मोठी होत जाते. रस्त्याचं काम चालू असेल तिथे खडी आणि वळणफलक आधीच बघा. पहाटेच्या अंधारात खडीच्या ढिगाला दिवा नसतो.

पिशवीत दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, सँडपेपर, तीन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टीटूल, चेन तोडायचं हत्यार आणि चेनच्या स्पीडशी जुळणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी. नऊ स्पीडची लिंक अकरा स्पीडच्या चेनवर बसत नाही, हे घरी तपासायचं. ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि पंपाचं तोंड जुळतं का, हेही घरीच.

इथे पंक्चर म्हणजे बहुतेक वेळा बाभळीचा काटा. नवी ट्यूब टाकून दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गेली तर समजा काटा टायरमध्येच राहिला. काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरा, भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती लांब आहे ते टायरवर मोजा, काटा तिथेच असतो. टायरच्या आतून बोट फिरवू नका, जुना रुमाल फिरवा. कापड अडकतं तिथे काट्याचं टोक. बाहेरून दिसत नसेल तर आतून लिव्हरने ढकलून काढा.

आता पॅच. रस्त्यावर निम्मे पॅच सुटतात ते घाईमुळे. ट्यूब सँडपेपरने पॅचपेक्षा मोठ्या गोलात घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. पाच मिनिटं. बोटाच्या पाठीने हात लावला तर चिकटू नये इतकं सुकलं की मग पॅच बसवा आणि मधून कडेकडे जोरात दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरताना कडेने उचलतो, आणि दोष सोल्युशनला मिळतो.

सायकल पडली, विशेषतः उजव्या कुशीवर, तर निघण्याआधी मागून बघा. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग, चाकाला समांतर आहे का? तो ज्यावर बसतो तो हँगर आत वाकला असेल तर बाकीचे गिअर पडत राहतात, पण सगळ्यात हलक्या गिअरला डिरेलर आऱ्यांत जाऊन चाकासकट मोडू शकतो. शंका आली तर हलके दोन गिअर वापरायचेच नाहीत. परतीचा उतार आहे, त्यांची गरज पडत नाही.

सायकल कुठे ठेवायची

गावापासून वरच्या वाहनतळापर्यंत रस्ता आहे, वळणांचा आणि चांगलाच चढा. सायकल तिथपर्यंत नेण्याचा मोह होतो. नेऊ नका, गावात ठेवा. एक तर त्या दोन-तीन किलोमीटरांत मांडीतली उरलीसुरली ताकद जाते आणि खरी चढाई त्यानंतर सुरू होते. दुसरं, वर माकडांचा वावर आहे आणि सीटखालच्या पिशवीची चेन त्यांना उघडता येते. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. उतरून आल्यावर पंजे थकलेले असतात. त्याच पंजांनी ब्रेक दाबत चढ्या रस्त्यावरून खाली येणं हा या दिवसातला सगळ्यात वाईट सौदा. तरीही नेणारच असाल तर ब्रेकचा लिव्हर एका फेरीने आत घेऊन ठेवा म्हणजे बोटं कमी ताणली जातील, आणि ब्रेक सलग न धरता दाबा-सोडा करत या. रिम ब्रेक सलग धरला की रिम तापते.

गावात चहाच्या टपरीवर किंवा एखाद्या घरी विचारून ठेवा. चहा-नाश्ता तिथेच करा, परतीचं जेवण तिथेच सांगून ठेवा. मावशींना परतायची वेळ सांगायची: "मावशी, दीडपर्यंत येतो, भाकरी टाकून ठेवाल का?" यात जेवणाची सोय तर झालीच, शिवाय दीडनंतर आपली आठवण काढणारं एक माणूस पायथ्याशी तयार झालं. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक मिळून खांबाला. दिवे, मीटर, पंप काढून सोबत.

चढ आणि कातळ

वाहनतळापुढे वाट नाळेत, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीत, शिरते. दोन्ही बाजूंना कातळ, मधून पायऱ्या. वाटेत कोरीव लेणं लागतं, आत जैन मूर्ती आहेत. पायथ्याच्या गावाजवळही जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत, त्यातल्या एकात शके १०६३, म्हणजे इ.स. ११४१ चा यादवकालीन शिलालेख आहे. उतरल्यावर पाय मोकळे करायला ती बरी जागा.

नाळ संपली की पठार, मंदिर, तळं. तिथून दुसऱ्या टप्प्याला झाडीत सीता गुंफा, आणि वर जाणारी वाट वरच्या पठारावर. इथपर्यंत हात लावायची गरज फारशी पडत नाही. ज्यांना कातळावर हात टाकायची हौस आहे त्यांना पायऱ्यांच्या कडेने छोटे टप्पे दिसतात, आणि माणूस एकटा असला की तिकडे जातोच. तेव्हा नियम सांगून ठेवतो.

ज्यावरून उतरता येणार नाही त्यावर चढायचं नाही. चढताना नजर हातांच्या उंचीवर असते, खोबणी आपोआप दिसतात. उतरताना पावठी, म्हणजे पाय ठेवायची खाच, पोटाखाली लपते आणि पाय हवेत चाचपडतो. म्हणून कोणताही टप्पा आधी तीन हालचाली चढा आणि तिथूनच खाली उतरून बघा. तोंड कातळाकडे. जमलं तर पुढे. एकट्यासाठी उंचीची मर्यादा डोक्याएवढी, त्याहून वर नाही. दोन हात, दोन पाय यांतली तीन टेकलेली, एकच हलती.

आपला कातळ लाव्ह्याच्या थरांचा. एक थर घट्ट काळा, त्यावर पकड उत्तम. दुसरा बुडबुड्यांच्या भोकांचा, खरखरीत, बोटांना बरा वाटतो पण त्याचे तुकडे सुटतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी असते, गेरूसारखी. ती दिसली की सावध व्हायचं, कारण तिच्या वरचा दगड पायाखालून पोखरलेला असतो. पकड घेण्याआधी तळहाताने दोनदा थोपटा. भरीव दगड गप्प राहतो, सुटा दगड पोकळ वाजतो, हाताला बारीक कंप येतो. वाजला तर सोडा. पकडायचाच असेल तर खाली दाबून वजन द्या, स्वतःकडे ओढू नका. सुटा दगडही खाली दाबला तर जागेवर बसतो, ओढला की छातीवर येतो. गवताला धरून कधीही चढू नका. ऑक्टोबरात ते मुळापासून मजबूत वाटतं, डिसेंबरात नुसत्या हिसक्याने सुटतं.

घसाऱ्यावर, म्हणजे मुरमावर पसरलेल्या बारीक खड्यांवर, चढण्यापेक्षा उतरणं वाईट. टाच घट्ट रोवायची, पाऊल आखूड, गुडघा किंचित वाकलेला, अंग पुढे. भीतीने मागे रेललात की वजन टाचेवरून सुटतं आणि बूड टेकतं. उतारावर पाय लटपटतात ते अशक्तपणामुळे नव्हे. स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, आणि सकाळचं सायकलिंग त्याने आधीच सोसलेलं असतं. लटपट सुरू झाली की बसा, दहा मिनिटं, काहीतरी खा. लटपटत्या पायांनी "आता थोडंच उरलंय" म्हणत उतरणाऱ्यांचे घोटे शेवटच्या पंधरा मिनिटांत मुरगळतात. एक काठी असेल तर उतरताना वापरा, चढताना पिशवीला बांधा.

पाहण्यासारखं एवढ्यात सगळं संपत नाही. अंजनेरी वन विभागाचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पाऊस संपता संपता सपाट कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात सीतेची आसवं नावाची इवली फुलं निळी-जांभळी उभी राहतात. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला नावच या गडाचं मिळालंय. त्या दिवसांत गवतावर पाय न देता उघड्या कातळावरून किंवा मळलेल्या वाटेने चालावं, फोटोसाठी आडवं पडू नये. कड्यांच्या कपारीत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात, हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ. तेव्हा कड्याच्या टोकावर उभं राहून ओरडणं, दगड ढकलणं, ड्रोन उडवणं बंद. कड्यांना आग्या मोहोळही असतं. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा यांनी ते उठतं. उठलंच तर हात झटकत उभे राहू नका, डोकं-मान कापडात गुंडाळून झाडीच्या दिशेने निघून जा. कातळावर असताना मोहोळ दिसलं तर तो टप्पा सोडून द्या.

हरिहरच्या कोरीव पायऱ्या याहून जास्त थरारक, हे खरं. पण नाशिकहून तिथे सायकलचं अंतर जवळपास दुप्पट, आणि ती जिन्यासारखी उभी वाट थकल्या पायांनी उतरायची. शंभर किलोमीटरची राइड सहज जमत असेल तरच सायकलने, आणि तेव्हाही एकट्याने नको.

खाणं, पाणी, निरोप

पहाटे झणझणीत मिसळ खाऊन चढायला लागलात की पहिल्या नाळेतच आंबट ढेकर. मिसळ परतीची. सकाळी केळं आणि पोळीचा तूप-गुळाचा रोल, मग तासातासाला मूठभर गूळ-शेंगदाणे, खजूर किंवा चिक्की. भूक लागायची वाट बघायची नाही. तीन लिटर पाण्यातलं एक लिटर ओआरएसचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट. मीठ चवीने वाढवू नका. गडावर माकडांसमोर पिशवी उघडून खायचं नाही. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली तरी ती येतात.

निघण्याआधी एका माणसाला निरोप: कुठल्या वाटेने, सायकल कुठे ठेवणार, किती वाजता खाली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. शेवटचा भाग लिहिलेला नसला तर निरोपाचा उपयोग नाही. "चारपर्यंत फोन नाही आला तर गावात टपरीवर फोन कर, पाचनंतर ११२", असं स्पष्ट. नाळेत आणि डोंगराच्या घड्यांत रेंज जाते, पठारावर बरी मिळते, तेव्हा पठारावरून एक मेसेज टाका आणि फोन फ्लाइट मोडवर. रुग्णवाहिकेला १०८, वन विभागाला १९२६. शिट्टी गळ्यात असू द्या, पिशवीत नको. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये. पहाटे रस्त्याच्या कडेला ऊस किंवा झाडोरा असेल तिथे बिबट्याचा विचार मनात ठेवा. दिवा चालू, मध्येच थांबून वाकून बसणं टाळा, लघवीला वस्तीजवळच थांबा.

गावात परत आल्यावर लगेच सायकलवर बसू नका. बूट-मोजे काढा, पिंढऱ्या भिंतीला टेकून ताणा, भाकरी खा, अर्धा लिटर पाणी प्या. सायकल एकदा उचलून आपटा, काही खडखडतंय का ऐका. टायर दाबून बघा, पहाटेचा काटा हळू हवा सोडतो आणि दुपारीच कळतो. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पहिले पाच किलोमीटर हलक्या गिअरवर, पाय नुसते फिरवत. मांडीत गोळा आला तर उतरून चाला, तो चालवून जात नाही.

घरी पोहोचल्यावर आंघोळीआधी दोन कामं. निरोप दिलेल्या माणसाला फोन. आणि गावातल्या चिखलाने माखलेली चेन जुन्या बनियनने पुसून, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं पुन्हा पुसून काढायचं. तेल आत राहिलं पाहिजे, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं.